दिवस भरण्यापूर्वी

माझ्या वर्गात एक उतावळा मुलगा आहे. उदाहरण फळ्यावर पुरते उतरवून व्हायच्या आत त्याचे उत्तर तयार असते आणि बहुधा ते चुकलेले असते. परवा मी त्याला आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेला प्रश्न विचारला, "काय रे, सातव्या महिन्यात जन्मलास की काय?" वर्ग खो खो हसला. तो मुलगा मात्र उठून उभा राहिला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "हो सर. आई सांगते, मी महिनाभर काचेच्या पेटीत होतो."

मग कुणी हसले नाही. मी फळ्याकडे वळलो आणि नसलेली चूक पुसू लागलो. ही थट्टा आजवर किती वर्गांत केली असेल याचा हिशेब मनात सुरू झाला होता. जगात जन्मणाऱ्या दर दहा मुलांत साधारण एक मूल सदतीस आठवडे पुरे होण्याआधी येते. २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली. त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या आपल्या देशात. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात पाच-सहा जण तरी माझा विनोद खाली मान घालून ऐकत असणार. आणि हा विनोद करण्याचा अधिकार इतरांना असला तरी मला मुळीच नव्हता. तो का नव्हता, तेच सांगायला बसलो आहे.

फराळाचे ताट शेजारी असताना ही दवाखान्याची हकिकत कशाला, असे कुणाला वाटेल. म्हणून आधीच सांगून टाकतो की या गोष्टीतले मूल सुखरूप आहे आणि हे लिहीत असताना दिवाळीचा किल्ला बांधायला माती कमी पडते म्हणून त्याचा मला दोनदा फोन येऊन गेला आहे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या बहिणीला अवेळी कळा सुरू झाल्या. बत्तिसावा आठवडा होता. डोहाळजेवण होऊन पंधरा दिवसही लोटले नव्हते. चोळीच्या खणांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. डॉक्टरांनी औषधे देऊन कळा दोन दिवस थोपवून धरल्या, त्या अवधीत तिला काही इंजेक्शने दिली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगा झाला. वजन दीड किलोहून थोडे अधिक. मी काचेतून पाहिला तेव्हा तो मला माणसाच्या मुलापेक्षा एखाद्या म्हाताऱ्या विचारवंतासारखा दिसला. कपाळभर आठ्या, आणि आपल्याला इथे का आणले याबद्दलची स्पष्ट नाराजी.

घरात रडारड सुरू झाली ती वेगळ्याच कारणाने. सातव्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. ती केवळ बायकांची बडबड आहे असे मी समजत होतो. पुढे कळले की चरकाच्या शारीरस्थानातही आठव्या महिन्याबद्दल धास्ती आहे. या महिन्यात ओज आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे वारंवार जात-येत राहते, स्थिर नसते, म्हणून हा काळ धोक्याचा, असे तिथे म्हटले आहे. जुन्या ग्रीक वैद्यांनाही आठमाश्या मुलाची हीच भीती वाटे आणि त्यांनी त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहून ठेवले आहे. इतक्या दूरच्या दोन देशांत एकच चूक कशी रुजली कोण जाणे! चूक म्हणायचे ती एवढ्यासाठी की प्रत्यक्षात पोटात काढलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या पदरी जमा होतो. आठव्या महिन्याचे मूल सातव्याच्या मुलापेक्षा बळकटच असते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा रडे थांबले. आणि रडे थांबल्यावर चौकशी सुरू झाली.

ही चौकशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन नको. पपई खाल्लीस का? बादली उचललीस का? जिना कितीदा चढलीस? जुलैच्या सत्तावीस तारखेला खग्रास चंद्रग्रहण झाले होते. त्या रात्री हातात विळी किंवा सुरी धरली होतीस का? ग्रहण मध्यरात्रीचे होते आणि ती बिचारी झोपली होती. तसे तिने सांगितल्यावर, ग्रहणात झोपली, हाच गुन्हा ठरला. मी कोपऱ्यात उभा राहून या अडाणीपणाला मनातल्या मनात हसत होतो. सगळे गेल्यावर मी तिच्या खाटेजवळ बसलो, शक्य तितका मऊ आवाज काढला आणि विचारले, "पण खरंच गं, काही मनाला लावून घेतलं होतंस का?"

ती काही बोलली नाही. आठवडाभराने मुलाला पेटीतून काढून थोडा थोडा वेळ तिच्या छातीशी, उघड्या अंगाला उघडे अंग, असे बांधून ठेवू लागले. मी डबा घेऊन गेलो होतो. मुलाच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता ती म्हणाली, "दादा, तुझ्या त्या कादंबरीतली ती बाई. तिचं काय चुकलं होतं रे?"

मी म्हणालो, "नवऱ्याशी भांडून पावसात घराबाहेर पडली होती."

"मी तर भांडलेसुद्धा नव्हते," ती म्हणाली.

आता त्या कादंबरीविषयी सांगणे आले. तिच्या विसाव्या प्रकरणात नायिका संतापून घर सोडते, रात्रभर भिजते आणि आठव्या महिन्यात तिचे मूल जन्मून जाते. ते प्रकरण लिहिताना मी स्वतः रडलो होतो. वाचकांची पत्रे आली तीही त्याच प्रकरणाबद्दल. कादंबरीकाराला कारण लागते. कारणावाचून मूल दगावले तर वाचक म्हणतो, लेखकाला कथानक जुळवता आले नाही. म्हणून मी कारण दिले, आणि ते देताना हातासरशी नायिकेचा स्वभाव वापरला. ग्रहणाचा जाब विचारणाऱ्या बाईने विळीवर ठपका ठेवला. मी रागावर ठेवला. तिच्यापेक्षा माझी भाषा बरी होती, एवढेच.

त्या दिवसापासून या विषयाचे जे मिळेल ते मी वाचू लागलो. शास्त्रात माझी मजल शाळेतल्या पुस्तकापुरती. एका डॉक्टर स्नेह्याला छळून छळून जे समजले ते असे.

पीटर मेडावर नावाचा शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या माणसांवर कातडी कशी लावता येईल याचा शोध घेत होता. ग्लासगोच्या इस्पितळात एका भाजलेल्या तरुणीला तिच्या स्वतःच्या कातडीबरोबर तिच्या भावाच्या कातडीचेही तुकडे लावून पाहिले. स्वतःची कातडी रुजली. भावाची काही दिवस टिकली आणि झडून गेली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा तर आधीपेक्षा लवकर झडली, जणू शरीराने शत्रूचा चेहरा लक्षात ठेवला होता. हे १९४३ साली प्रसिद्ध झाले. सख्ख्या भावाची कातडी बहिणीला चालत नाही, हे वाचून दर भाऊबीजेला पाटावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला थोडे वाईटच वाटले. पण मेडावरला यातून निराळाच प्रश्न दिसला आणि १९५३ साली त्याने तो मांडला. मूल हे निम्मे बापाचे, म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबाने निम्मे परके. मग भावाची वीतभर कातडी झिडकारणारे तेच शरीर हा निम्मा परका नऊ महिने कसा सांभाळते? मेडावरला १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते रोपणाविषयीच्या दुसऱ्या संशोधनासाठी. हा प्रश्न त्याने पुढच्यांच्या ओटीत टाकला.

बहिणीला हे सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, "निम्मा परका? आमच्या घरी विचार. नाक आजोबांचं, कान आत्याचे, रंग काकांचा. माझं काही त्यात आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही." खरे म्हणजे परक्याला सामावून घेण्याचा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक सुनेला मेडावरच्या कितीतरी आधी पडलेला आहे, फक्त तिथे घर हे शरीर असते आणि परकी ती. असो.

मेडावरने तीन उत्तरे सुचवली होती. आई आणि मूल यांच्यामध्ये अभेद्य पडदा असेल. मूल इतके कोवळे असेल की त्याचा परकेपणा अजून उमटलाच नसेल. किंवा आईची संरक्षण-व्यवस्था त्या काळात सुस्तावत असेल. पुढच्या सत्तर वर्षांत यांतले एकही पुरेसे ठरले नाही. तिसरे उत्तर तर मला पहिल्यापासून खटकले होते. आई झोपली म्हणून मूल वाचले, असे मानण्यासारखेच ते नव्हते काय?

घडते ते असे. वार ही मुलाची असते, आईची नव्हे. हे मला ठाऊक नव्हते. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरतात आणि आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून घेतात. तिथे आईच्या पांढऱ्या पेशी आधीच येऊन थांबलेल्या असतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्यांतल्या बहुसंख्य ज्या जातीच्या असतात तिचे नावच 'मारक पेशी' आहे. म्हणजे उंबरठ्यावर शस्त्रधारी पहारा. पण हे पहारेकरी मारत नाहीत. ते वाट रुंद करायला हातभार लावतात. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी अंगावर एक ओळखचिन्ह बाळगते. वारेच्या या पेशी बापाची ठळक चिन्हे झाकतात आणि एक निराळे, सौम्य चिन्ह पुढे करतात. ते पाहून पहारा शांत राहतो. शिवाय आईच्या रक्तात आवर घालणाऱ्या पेशींची संख्या वाढते. लढाऊ पेशी उठू लागल्या की या त्यांना थोपवतात. यांत झोप कुठेच नाही. उलट फार मोठी जागरूकता आहे, आणि ती रोज नव्याने ठेवावी लागते. उसन्या स्त्रीबीजावर गर्भ वाढवणाऱ्या स्त्रिया आता आहेत. त्यांच्या पोटातले मूल तर निम्मे नव्हे, पुरते परके असते. तेही सांभाळले जाते.

या तहाची किंमत आईच मोजते. संधिवाताने आखडलेल्या काही बायकांना गरोदरपणात आराम पडतो आणि बाळंत झाल्यावर दुखणे परत येते. अमेरिकेतल्या फिलिप हेंच या डॉक्टरच्या हे १९३० नंतरच्या दशकात ध्यानात आले आणि तो धागा धरून पुढे कॉर्टिझोनचे औषध हाती लागले. पण दुसरी बाजूही आहे. १९१८ च्या आणि २००९ च्या फ्लूच्या साथींत, पुढे कोरोनाच्या साथीत, गरोदर बायकांना आजार अधिक जड गेला. शरीर दोन आघाड्यांवर एकाच वेळी उभे असते.

आणि हा तह मुदतीचा असतो. गर्भ रुजताना सुरुवातीला थोडा दाह, मग लांब शांततेचा काळ, आणि दिवस भरत आले की पुन्हा दाह. बाळंतपणाच्या कळा या एका अर्थी आवरून धरलेल्या त्या दाहाला दिलेली मोकळीक आहे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोजक्या स्त्रियांचे रक्त गरोदरपणात ठरावीक टप्प्यांवर तपासले, तेव्हा संरक्षण-व्यवस्थेतले बदल इतक्या ठरलेल्या क्रमाने होताना दिसले की त्यांनी त्याला घड्याळच म्हटले. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले होते असे मला वाटते. बाईला 'दिवस जातात', मग ते 'भरतात'. अवयवांचा, गर्भाचा उल्लेख नाही; सगळा हिशेब दिवसांचा. ज्या बाईचे घड्याळ पुढे धावते आहे ती आधीच ओळखता यावी, हा त्या संशोधकांचा हेतू.

ते पुढे का धावते? कधी खालच्या मार्गाने जंतू वर चढतात. आईच्या पेशी त्यांच्याशी लढायला उठतात, आणि लढाईत जी रसायने सुटतात तीच गर्भाशयाचे तोंड मऊ करणारी, कळा आणणारी असतात. चोराला हाकलण्यासाठी घरच्यांनी केलेल्या आरड्याने पाळण्यातले मूलही दचकून उठावे, तसे. तिथे दोष कुणाचा म्हणायचा? लढली म्हणून आईचा? ती लढली नसती तर दोघेही गेले असते. कधी रक्तदाब वाढतो, कधी जुळे असते, कधी वारेतच बिघाड असतो. आणि पुष्कळ वेळा काहीच सापडत नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "कारण सापडलं नाही."

हे वाक्य ऐकून आमच्या घरचे लोक जितके अस्वस्थ झाले तितके मूल पेटीत असतानाही झाले नव्हते. कारण नाही म्हणजे काय? गुन्हेगार सापडला की मनाला एक प्रकारचा दिलासा मिळतो. आपण तसे वागलो नाही तर आपल्यावर हे येणार नाही, अशी ती हमी असते. म्हणून बादली, पपई आणि ग्रहण यांना मरण नाही. बाईला दोषी ठरवण्यात दुष्टावा असतो असे मला वाटत नाही, भीती असते. पण भीती घरातल्या सर्वांची आणि तिची किंमत एकटीने भरायची, हा कुठला न्याय?

इथे मला थोडे थांबले पाहिजे, कारण 'कुणाचाच दोष नाही' हे वाक्यही फार सोयीचे आहे. डॉक्टर स्नेह्यानेच मला त्यावरून टोकले. आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या किती तरी बाया सकाळी मिश्री लावतात. तंबाखू ती, पण दात घासायची म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही. तिने मूल लवकर येण्याचा आणि अशक्त होण्याचा धोका वाढतो हे मुंबईत झालेल्या पाहणीतही दिसले आहे. ऊसतोडीला गेलेली बाई पोट पुढे आलेले असताना मोळ्या वाहते. खाडा केला तर पैसे कापतात. लघवीची जळजळ अंगावर काढलेली, रक्त कमी, वयाची अठरा वर्षे पुरी नाहीत. या सगळ्याला कारणे आहेत आणि ती टाळता येण्याजोगी आहेत. पण गंमत अशी की या बाबतीत आधी कुणी चौकशी करीत नाही. मोळी डोक्यावर देताना मुकादम विचारत नाही, लग्न ठरवताना बाप विचारत नाही. मूल अवेळी आले की मग सगळे एका रांगेत खाटेशी येऊन उभे राहतात आणि विचारतात, बाई, तू काय उचललेस?

मी त्या रांगेत होतो, आणि सर्वांत शेवटी असल्यामुळे आपण त्यांतले नाही असे समजत होतो.

बहिणीला बाळंतपणाआधी दिलेल्या इंजेक्शनांची हकिकत मात्र मला या सगळ्या वाचनात फार आवडली. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. मेंढीचे बाळंतपण केव्हा व्हायचे हे मेंढी ठरवत नाही, पोटातले कोकरू ठरवते, असे त्यांना आढळले. त्याच्याच अंगातल्या ग्रंथींतून इशारा सुटतो. तो इशारा औषधाने आधीच देऊन पाहिला तेव्हा कोकरे फार लवकर जन्मली. एक तर इतके अपुरे होते की त्याला श्वास घेता येणे शक्यच नव्हते. पण ते श्वास घेत होते. औषधाने त्याची फुप्फुसे तयार झाली होती. त्यावरून लिगिन्स आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी बायकांवर उपचार करून पाहिला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. माझा भाचा ज्या श्वासावर जगला तो एका कोकराने उसना दिलेला आहे. माणसाचे मूल कोकराइतके स्पष्टपणे निर्णय घेत नाही. तिथे आई, मूल आणि वार यांचे आपसात काय बोलणे चालते ते अजून पुरते उकललेले नाही. चरकाने ओज दोघांत जाते-येते म्हटले ते वाचताना मला राहून राहून याची आठवण येते. शास्त्र म्हणून त्याचा इथे पुरावा द्यायचा नाही. पण दोघांतली देवघेव त्याला दिसली होती, आणि त्याने दोष कुणा एकावर ठेवला नव्हता.

छातीशी बांधून ठेवण्याची रीतही दुरून आली. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आयांनाच पेटी केले. कांगारूवरून त्याला नाव पडले. माझी बहीण दिवसातून कितीतरी तास तशी बसून असे. एकदा तिला उठावे लागले म्हणून परिचारिकेने मला शर्ट काढायला सांगितला आणि तो दीड किलोचा विचारवंत माझ्या छातीवर ठेवला. पाऊण तास मी हललो नाही. मेडावरचा नियम आठवत होता. माझी कातडी याच्या आईला चालली नसती. पण पोरगे निवांत झोपले.

एक गोष्ट मी बहिणीला उशिरा सांगितली. मुलाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि तिथेच राहतात. मुलगा झाल्यावर सत्तावीस वर्षांनीसुद्धा त्याच्या पेशी आईच्या रक्तात सापडल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे तह मुदतीचा असला तरी पाहुणा पुरता जात नाही. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "म्हणजे गेलेल्या मुलाच्याही राहत असतील?" राहतात, असे मी वाचले होते. ती माझ्या नायिकेबद्दल विचारत होती हे मला घरी आल्यावर समजले.

यंदा प्रकाशकांनी त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायला घेतली आहे. प्रुफे महिनाभर टेबलावर पडून होती. विसावे प्रकरण मी तीनदा लिहिले. एकदा मूल जगवले. ते खोटे वाटले. एकदा भांडण वगळून घसरून पडणे घातले. म्हणजे विळीच्या जागी बादली आली. शेवटी भांडण ठेवले, पाऊसही ठेवला, पण तो महिनाभर आधी नेला. मूल नंतर एका साध्या, कोरड्या दिवशी जन्मते आणि जाते. का, ते पुस्तकात कुठेही नाही. सासू विचारते, नवरा विचारतो, नायिका स्वतःलाही विचारते. प्रकाशकांचा कालच निरोप आला की इथे धागा सुटल्यासारखा वाटतो, एखादे वाक्य घालता आले तर पाहा.

भाऊबीजेला बहिणीकडे जाताना प्रुफे बरोबर न्यायची ठरवली आहेत. मातीची गोणीही न्यायची आहे. किल्ल्याचा एक बुरूज अजून उभा राहायचा आहे.